छोट्या कलासंग्रहालयाचं वर्षाचं वेळापत्रक: कुठलं प्रदर्शन कधी, आणि किती दिवस?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावात विश्वस्त मंडळाचं एक छोटं कलासंग्रहालय आहे, दालनं दोन. संग्रहात कोल्हापूरच्या परंपरेतली जलरंगातली निसर्गचित्रं, रविवर्मा छापखान्याची छापील चित्रं, संस्थानकाळातली काही तैलचित्रं आणि थोड्या सचित्र पोथ्या आहेत. येत्या वर्षासाठी चार प्रदर्शनं जाहीर करायची आहेत: जूनपासून वर्षभर जलरंग, दिवाळीत छापील चित्रं, डिसेंबरात मुंबईच्या एखाद्या मोठ्या संग्रहालयातून उसनी आणलेली चित्रं, आणि पोथ्या कायमच्या. विश्वस्तांचं म्हणणं असं की लोक बाराही महिने येतात, मग चांगली चित्रं तीन महिन्यांत उतरवून कपाटात का ठेवायची?

संग्रहांची देखभाल आणि प्रदर्शनांची मांडणी हेच माझं काम आहे, म्हणून आधी स्पष्ट उत्तर देते आणि मग कारणं. चारही विषय उत्तम आहेत, तारखा मात्र जवळजवळ सगळ्या बदलाव्या लागतील. जलरंग वर्षभर लावू नका आणि पावसाळ्यात तर मुळीच नको. पोथ्यांचं एकच पान कायम उघडं ठेवू नका. मुंबईची चित्रं या डिसेंबरात येणार नाहीत. पुढच्या डिसेंबरासाठी आत्ता पत्र धाडा. छापील चित्रांकडे तुम्ही दिवाळीची सजावट म्हणून पाहताय, पण तुमच्या गावाला सगळ्यात जवळचं प्रदर्शन तेच ठरेल.

आता विश्वस्तांचा प्रश्न, कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

उजेडानं रंग उडतो हे प्रत्येकाला माहीत असतं, खिडकीतला पडदा पाहिला तरी कळतं. पण हे नुकसान मोजता येतं आणि त्याचा वर्षाचा हिशोब मांडता येतो, हे फार थोड्या विश्वस्तांना कुणी सांगितलेलं असतं. उजेड लक्समध्ये मोजतात. भर दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स असतात, उघड्या खिडकीजवळ काही हजार, नीट उजेड असलेल्या कचेरीत तीनशे ते पाचशे. जलरंग, छापील चित्रं, पोथ्या, रंगीत कापड आणि जुने फोटो यांच्यावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये, तैलचित्रांवर १५० ते २००, असा जगभरच्या संग्रहालयांचा रिवाज आहे. दगड, धातू, भाजकी माती यांना उजेडाची फारशी भीती नाही.

हा आकडा पाळला म्हणजे चित्र सुरक्षित झालं असं मात्र होत नाही. नुकसान साठत जातं आणि कपाटात ठेवल्यानं उडालेला रंग परत येत नाही. म्हणून लक्सला तासांनी गुणायचं. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या २००४ सालच्या अहवालात सगळ्यात नाजूक वस्तूंसाठी वर्षाला १५,००० लक्स-तासांची मर्यादा सुचवली आहे. आता तुमचा हिशोब करा. रोज ८ तास, आठवड्याला ६ दिवस, १२ आठवडे, ५० लक्स: २८,८०० लक्स-तास. म्हणजे तीन महिन्यांच्या, अगदी मंद उजेडातल्या प्रदर्शनात चित्रानं जवळजवळ दोन वर्षांचा वाटा वापरला. तेच चित्र ३०० दिवस लावलं तर १,२०,००० होतात, आठ वर्षांचा वाटा. आणि दालनात साध्या ट्यूबलाइटखाली ३०० लक्स असतील (बहुतेक छोट्या संग्रहालयांत असतातच) तर ७,२०,०००. एका वर्षात ४८ वर्षांचा वाटा संपला. पुढच्या बैठकीत हा गुणाकार फळ्यावर लिहून दाखवा. माझा अनुभव असा की तो पाहिल्यावर 'तीन महिनेच का' हा प्रश्न सहसा पुन्हा निघत नाही.

तुमच्या संग्रहातच याचा पुरावा सापडेल. जुन्या जलरंगात हिरवा बऱ्याचदा निळ्यात पिवळा मिसळून केलेला असतो आणि गँबोजसारखा पिवळा निळ्याच्या आधी उडतो. मग झाडं निळसर दिसू लागतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, चित्रकारानं धुक्याची पहाट रंगवली आहे. जाणत्या माणसाच्या हातून एखादं चित्र चौकटीतून काढून घ्या आणि माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या कडेखाली) झाकलेली कड पाहा. तिथे बोटभर रुंदीची मूळची हिरवी पट्टी दिसली, तर वर्षानुवर्षं उजेडात राहून काय गेलं ते कळेल. काही लाल आणि किरमिजी रंगही असेच नाजूक असतात. गेरू, पिवडी यांसारखे मातीचे रंग टिकतात. आबालाल रहिमानांपासून चालत आलेल्या कोल्हापूरच्या निसर्गचित्रणाचं सारं वैभव त्या हवेत आणि उजेडात आहे. तळ्यावरचा ओलसर करडा, संध्याकाळचा क्षणभराचा गुलाबी, असे पातळ थर आधी जातात, कारण रंगाचा थरच विरळ असतो.

तेव्हा पाळी लावा. समजा तुमच्याकडे साठ जलरंग आहेत. वीस-वीसचे तीन गट करा, पण आकारानं किंवा प्रसिद्धीनं करू नका, विषयानं करा: एका वर्षी नदी आणि तळी, दुसऱ्या वर्षी वाडे, घाट आणि बाजार, तिसऱ्या वर्षी डोंगर आणि गड. प्रत्येक चित्राला तीन महिने भिंत आणि पुढे पावणेतीन वर्षं अंधार मिळतो, आणि तुम्हाला तीन वर्षांची प्रदर्शनं आयती मिळतात. गावातला माणूसही दरवर्षी येतो, कारण दरवर्षी वेगळं काही असतं. एखादं चित्र इतकं प्रसिद्ध असेल की लोक त्याच्याचसाठी येतात, तर त्याची चांगली छापील प्रतिकृती बाहेरच्या खोलीत लावा आणि खाली ठळक अक्षरात 'प्रतिकृती' असं लिहा. मूळ चित्र कधी पाहायला मिळेल तेही तिथेच लिहा.

५० लक्सचं दालन अंधारं वाटतं अशी तक्रार येते, आणि ती खरी असते. उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. यावर उपाय उजेड वाढवण्याचा नसून वाट बदलण्याचा आहे. दाराजवळच्या जागेत मध्यम उजेड ठेवा, तिथे माहितीचे फलक लावा, लोकांना चार-पाच मिनिटं वाचू द्या, मग आत सोडा. भिंतींचा पांढरा रंग थोडा करडा करा, म्हणजे चित्रं उठून दिसतात. खिडक्यांना मांजरपाटाचे दुहेरी पडदे लावा. जुन्या ट्यूब काढून रंग नीट दाखवणारे उबदार प्रकाशाचे एलईडी बसवा. त्यांच्यातून अतिनील किरण जवळजवळ येत नाहीत. फलकांवरची अक्षरं मोठी करा. वयस्कर माणसांना कमी उजेडात वाचायला खरोखर त्रास होतो, आणि आपल्या संग्रहालयांत दुपारी निवांत येणारे तेच असतात.

पोथ्यांनाही हाच नियम. सुट्या पानांची पोथी असेल तर दर तीन महिन्यांनी पान बदला आणि कुठलं पान कधी लावलं होतं याची वही ठेवा. बांधीव पोथी असेल तर पाठीला ताण येणार नाही अशी उतरती बैठक करा. सपाट उघडून काचेखाली दाबू नका.

आता पावसाळा. जूनमध्ये जलरंगांचं उद्घाटन करायचं तुमच्या मनात कसं आलं ते मी समजू शकते, शाळा उघडतात, पाऊस सुरू होतो, चित्रांतही पाऊस असतो. पण सह्याद्रीच्या पायथ्याच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टात हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८५-९० टक्क्यांच्या खाली येत नाही आणि ६५-७० च्या वर ती टिकून राहिली की बुरशीला आमंत्रणच. कागद फुगतो, त्याला लाटा येतात, काचेला टेकलेला रंग काचेला चिकटतो. बाहेरच्या भिंतीला ओल असेल तर तिच्यावर टांगलेल्या चित्राची मागची बाजू आधी जाते, आणि ती कुणी पाहत नाही. यावर दिवसा एसी लावायचा आणि संध्याकाळी वीज वाचवायला बंद करायचा हा सर्रास होणारा प्रकार सगळ्यात घातक आहे. आर्द्रता रोज चढउतार करते आणि कागद, कॅनव्हास, लाकूड रोज ताणतं, सैल पडतं. चोवीस तास चालवता येत नसेल तर लावूच नका. हवा खेळती ठेवा, चौकटींच्या मागे बुचाचे तुकडे लावून चित्र भिंतीपासून सुटं ठेवा, बंद पेटीत ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा आणि ते वेळच्या वेळी तापवून कोरडं करा.

पावसाळ्याचे चार महिने दालन बंद ठेवायची मात्र गरज नाही. दगडी शिल्पं, वीरगळ, पितळेची भांडी आणि दिवे, भाजक्या मातीच्या वस्तू असतील तर त्या या काळात मांडा. धातूवर तेवढं लक्ष ठेवा. नसतील तर फक्त प्रतिकृतींचं आणि मुलांच्या कामाचं प्रदर्शन करा. आणि मागच्या खोलीत साठ्याची तपासणी करा: प्रत्येक चित्राचा पुढून-मागून फोटो, डाग, भोकं, सुरकुत्या, कसरीनं खाल्लेल्या जागा, जुन्या चिकटपट्ट्या. या नोंदीशिवाय पुढचं कुठलंही प्रदर्शन ठरवू नका. कुठलं चित्र भिंतीवर जाण्याच्या अवस्थेत आहे आणि कुठल्याला आधी उपचार हवेत, हे इथेच कळतं. वर्षाचं वेळापत्रक खरं तर या वहीतून निघतं. सण, मंत्र्यांची तारीख, निधीचं वर्ष हे सगळं त्यानंतर.

माउंटिंगबद्दल एकच सांगते, कारण विचारलेलं नसलं तरी इथे फार नुकसान होतं. आम्लमुक्त बोर्ड वापरा, चित्र वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनं टांगा, काच आणि चित्र यांच्यात अंतर ठेवा. सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन यांतलं काहीही मूळ चित्राला लागता कामा नये. गावातल्या फ्रेमवाल्याकडे काम द्यायला हरकत नाही, तो हुशार असतो. फक्त साहित्य तुम्ही द्या आणि शेजारी उभे राहा.

या सगळ्यातून वर्ष साधारण असं बसतं. जून ते सप्टेंबर दगड-धातू आणि साठ्याची तपासणी. दिवाळी झाली की जलरंगांचा पहिला गट, बारा आठवडे. शाळांच्या सहली याच दिवसांत निघतात. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत छापील चित्रं. मे महिन्यात, १८ तारखेच्या जागतिक संग्रहालय दिनाच्या निमित्तानं, एकाच वस्तूचं प्रदर्शन. तैलचित्रं दुसऱ्या दालनात जास्त काळ राहू शकतात, तीही ओल्या भिंतीवर नकोत.

एकाच वस्तूचं प्रदर्शन ऐकायला दरिद्री वाटतं. तसं नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी संग्रहालय पाहा. तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर ते उभं केलं, एका लहानशा संस्थानात. तिथे रविवर्म्यांची चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, पहाडी लघुचित्रं आहेत, आणि हेन्री मूर यांचं 'माता आणि बालक' हे शिल्पही आहे. यातली एकच वस्तू घेऊन तिच्याभोवती महिनाभर बोलता येईल: ती इथे कशी आली, कुणी पाहिली, कलाकार तेव्हा काय करत होता, हा दगड किंवा हा रंग असा का वागवला. तुमच्याकडेही असं एखादं तैलचित्र असणार ज्यातला माणूस गावाला ठाऊक आहे पण चित्रकार नाही. तेच घ्या. खुर्च्या मांडा, शनिवारी संध्याकाळी त्यावर बोलायला कुणाला तरी बोलवा. मोठ्या शहरातल्या संग्रहालयाला एका चित्रापुढे माणसं अर्धा तास बसवणं जमत नाही. तुम्हाला जमेल.

आता छापील चित्रं. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. एकेका रंगासाठी वेगळी शिळा, एकावर एक बसवलेले छाप, वरून कधी वार्निश. लक्ष्मी, सरस्वती, मेनका, दमयंती या चित्रांनी आपल्या घरांत देवाचा चेहरा कसा असतो ते ठरवून टाकलं. ही चित्रं अजून गावातल्या देवघरांत, माजघरांत, जुन्या दुकानांच्या गल्ल्यांवर टांगलेली आहेत. काहींवर घरातल्या बायकांनी जरीचे धागे, टिकल्या, खऱ्या कापडाची साडी चिकटवली आहे. तुमच्या संग्रहातली चित्रं एका भिंतीवर लावा आणि गावाला आवाहन करा की घरातलं चित्र तीन महिन्यांसाठी द्या. एकाच लक्ष्मीचे पाच-सहा छाप शेजारी शेजारी लागले, एक धुरानं काळा, एक जरीनं मढवलेला, एक पेटीत राहून अजून टवटवीत, तर त्यातून मुद्रणकलेचा आणि घरांचा असा इतिहास उभा राहील जो कुठल्याही राजधानीच्या संग्रहालयात नाही.

पण घरून आलेल्या चित्राची व्यवस्था मोठ्या संग्रहालयातून आलेल्या चित्राइतकीच चोख हवी. दोन प्रतींत पावती, मालकासमोर काढलेले फोटो, आधीचे डाग आणि तडे लिहून दोघांच्या सह्या, परतीची तारीख, नाव जाहीर करायचं की नाही याची लेखी परवानगी. मागून कसर किंवा वाळवी दिसली तर ते चित्र बाकीच्यांपासून वेगळं, बंद पिशवीत ठेवा. आणि मालकाला न विचारता टिकल्या काढू नका, पुसू नका, 'मूळ स्वरूपात' आणू नका. ती सजावट हाच त्या चित्राचा इतिहास आहे.

उसनी चित्रं आणण्याबद्दल. साताऱ्याच्या वाघनखांचं उदाहरण तुम्हाला जवळचं आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाशी करारावर सह्या झाल्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लोकांना ती पाहायला मिळाली जुलै २०२४ मध्ये. मुठीत मावणारी एक पोलादी वस्तू, मागे राज्य सरकार, तरी सहीनंतर नऊ महिने. देणारं संग्रहालय तुम्हाला आधी विचारेल: दालनातली आर्द्रता वर्षभर किती असते, रात्री पहारा कोण देतं, कॅमेरे कुठे आहेत, अग्निशामक कुठल्या प्रकारचे आहेत, छत गळतं का. याची उत्तरं आकड्यांत लागतात. म्हणून आजच एक साधं आर्द्रतामापक घ्या आणि रोज दोन वेळा वहीत आकडा लिहा. वर्षभराची ती वही तुमच्या पत्राला जेवढं वजन देईल तेवढं आमदारांचं शिफारसपत्र देणार नाही. विमा चित्र त्यांच्या भिंतीवरून उतरल्या क्षणापासून परत त्याच भिंतीवर लागेपर्यंतचा घ्यावा लागतो. पेटी आली की लगेच उघडू नका, चोवीस तास दालनात तशीच राहू द्या. पहिल्या खेपेला पाच-सात चित्रंच मागा.

वाघनखांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ती साताऱ्याला नेमलेला ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ याच्या घराण्याकडून तिथे आली हे ते संग्रहालय सांगतं, आणि ही तीच वाघनखं असल्याची खात्री करता येत नाही हेही उघडपणे लिहितं. तुमच्या पाट्याही अशाच असू द्या. 'परंपरेनुसार अमुक चित्रकाराचं' आणि 'अमुक चित्रकाराची सही असलेलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावाला आपला चित्रकार मोठा हवा असतो, हे प्रेम मला कळतं, पण खोटी पाटी पुढच्या अभ्यासकाची वाट कायमची चुकवते. पाटी साठ-सत्तर शब्दांची असावी, आणि पाहणाऱ्याला चित्रातल्या एखाद्या जागेकडे नेणारी असावी. चरित्र पुस्तिकेत द्या.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांपूर्वीची चित्रं आणि शिल्पं पुरावस्तू ठरतात, हस्तलिखितांना ७५ वर्षं पुरतात. विश्वस्त संस्थेनं नोंदणी झाली आहे का ते तपासावं. पुस्तिका, पोस्टर, दिनदर्शिका छापताना कॉपीराइट पाहा: चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं तो राहतो आणि चित्र विकत घेतलं म्हणून आपोआप तुमच्याकडे येत नाही. बाबूराव पेंटर १९५४ साली गेले, त्यांचा संपला. चित्रकार ना. श्री. बेंद्रे १९९२ साली गेले, त्यांचा २०५२ अखेरपर्यंत आहे, म्हणून वारसांची लेखी परवानगी घ्या.

उद्घाटन अंगणात करा. समई, हार, फुलं, चहा, सगळं बाहेर. काजळी चित्रांवर बसते, फुलांतून किडे येतात, आणि पन्नास माणसं एकदम आत शिरली की दालनातली आर्द्रता लगेच चढते. पाहुण्यांना दहा-दहाच्या गटानं आत न्या.

राहिला 'आगामी प्रदर्शने' हा फलक. जे तुमच्या साठ्यातलं आहे आणि तपासून झालेलं आहे तेच त्यावर लिहा. उसन्या चित्रांचं नाव करारावर दोन्ही सह्या झाल्याशिवाय नको. आणि समाप्तीची तारीख आरंभाच्या तारखेइतक्याच मोठ्या अक्षरात लिहा, त्याखाली 'यानंतर ही चित्रं तीन वर्षांनी पाहायला मिळतील' हेही. शाळांना हा फलक जूनमध्येच पाठवा, कारण सहलींची ठिकाणं बहुतेक गणपतीच्या आधी ठरलेली असतात.